उंच गाडी, बुटकी गाडी आणि जीवनचा गडगा

दसऱ्याला आपली गाडी दारात उभी राहणार, असं गणराज भुवड सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं. गाडी कुठली, हे ठरायचं होतं. ती दारात कशी येणार, हेही ठरायचं होतं. पण सरांचा विषय गणित. माहीत नसलेल्या गोष्टी दोन असल्या तर समीकरणंही दोन मांडावीत, म्हणजे सुटतात, हे ते वर्षानुवर्षं बागशेतच्या शाळेतल्या पोरांना सांगत आले होते. एकाही पोराने त्यांना अजून खोटं पाडलं नव्हतं, कारण पोरांना ती समीकरणं सुटतच नसत.

माणगावच्या शोरूममधून दोन गाड्या निवडून झाल्या होत्या. दोन्ही छोट्या, घरगुती, पेट्रोल बेताने पिणाऱ्या. एक जरा रुंद आणि उंच, हिची सीट कमरेच्या पातळीवर येते. दुसरी अरुंद आणि बसकी, हिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं खाली जावं लागतं. सरांनी दोन्हींची चित्रं आईला मोबाइलवर दाखवली. तुळशीबाईंनी चष्मा न लावताच एकीला उंच आणि दुसरीला बुटकी म्हटलं. कंपनीने दिलेली नावं भुवडांच्या घरात त्या दिवसापासून कोणी उच्चारली नाहीत.

हा सगळा खटाटोप तुळशीबाईंसाठीच होता. मागच्या पावसाळ्यात त्या न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका रस्त्यावरच थांबली, आत वाट नाही म्हणाली. मग चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेलं आणि अख्ख्या वाडीने ते बघितलं. ऑपरेशन छान झालं. घरी परत आल्यावर मात्र त्यांनी सांगून टाकलं, "चौघांनी मला उचलायचं ते एकदाच. आधी तालीम कशाला?" त्यानंतर त्या ओटीच्या पायरीखाली उतरल्याच नाहीत. रिक्षा आणून बघितली. येताना ती खड्ड्यात आदळली, ते ओटीवरूनच बघून त्यांनी ती परत फिरवली. माणगावचे डॉक्टर फोनवर सरांना सांगून थकले होते. पायाला व्यायाम हवा, महिन्याला एकदा आणून दाखवायला हवं, नाहीतर हा पाय असाच आखडेल आणि मग आई कायमच्या खाटेवर. हे ऐकल्यापासून सरांना रात्री झोप लागत नव्हती, आणि लागली तरी स्वप्नात खाट दिसायची.

तेव्हा गाडी हवी होती ती थेट ओटीशी येणारी, आणि आईला न वाकता बसता येईल अशी. इथेच घोडं अडलं होतं. उंच गाडीत आईला बसता येत होतं, पण ती रस्त्यावरून घराकडे येणाऱ्या गल्लीत शिरत नव्हती. बुटकी गल्लीत आरामात शिरत होती, पण तिच्यात आईला बसता येत नव्हतं. सरांनी तीन रविवार टेपने गल्ली मोजली. पहाटे मोजली, दुपारी मोजली. गारव्याने भिंती आकसत असतील असा एक धूसर विचार मनात आल्यामुळे एकदा धुक्यातही मोजली. प्रत्येक वेळी उंच गाडीला एकाच ठिकाणी चार बोटं कमी पडत होती. आणि ते ठिकाण होतं जीवनच्या गडग्यापाशी.

जीवन हा सरांचा चुलतभाऊ, शेजारच्याच घरातला. मधे सुपारीची वाडी, आणि वाडीच्या कडेने चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. मोठ्या वादळात सुपारीच्या पोफळी आडव्या झाल्या, तसा गडगाही पडला. जीवनने तो पुन्हा रचला तेव्हा सर टेप घेऊन गेले आणि दहा माणसांसमोर मोजून दाखवलं की गडगा गल्लीत चार बोटं पुढे आला आहे. जीवन म्हणाला, तुला माझ्या पडलेल्या पोफळी मोजायला सुचलं नाही, गडगा बरा मोजलास. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आई लहानपणीच गेलेल्या जीवनला तुळशीबाईंनीच वाढवलेलं. तरी त्याने भावाशी धरलेला अबोला काकीपर्यंतही पोचला, आणि तो रस्त्याने जाताना मान खाली घालून जाऊ लागला. तुळशीबाई ओटीवर बसून त्या खाली घातलेल्या मानेकडे बघत.

म्हणजे उपाय एका वाक्याचा होता. जीवन, गडगा जरा मागे घे. पण ते वाक्य बोलायचं सोडून सर बाकी सगळं करायला तयार होते.

आधी ते ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी नकाशा उलगडला, चष्मा पुसला आणि ही गल्ली सरकारदरबारी बैलगाडीची वाट म्हणून आहे असं सांगितलं. "बैलगाडी आणा सर, कोण हरकत घेतो बघू." मोटारीसाठी रुंदी वाढवायची तर अर्ज करायचा, मग पाहणी, मग ठराव, आणि या सगळ्याच्या आधी लगतच्या मालकाची लेखी संमती. लगतचा मालक कोण, हे ग्रामसेवकांना ठाऊक होतं. ते सरांकडे बघत राहिले. सर नकाशाकडे बघत राहिले.

मग गावाने सल्ले द्यायला घेतले. कोणी म्हणालं, बुटकी घ्या आणि सीटवर उशा रचा. कोणी म्हणालं, उंच घ्या आणि ओटीच पुढे बांधत न्या. विज्ञानाचे मास्तर म्हणाले, हवा कमी केली की टायर बसतात. सरांनी विचारलं, त्याने रुंदी कमी होते की जास्त? त्यावर मास्तर प्रयोग करून बघू म्हणाले. शोरूमचा सुजित रोज फोन करत होता. मुलगा गोड बोलणारा होता, पण त्याच्या गोडीला मुदत होती. "सर, दसऱ्याची डिलिव्हरी हवी तर शुक्रवारपर्यंत कन्फर्म करा. दोन्ही गाड्या तुमच्या नावाने धरून ठेवल्यात, साहेब ओरडतायत. आणि उंचवाली बसते हो, आरसे मिटवले की बसते." सरांची बायको सोनल पोस्टात होती. टपालाबरोबर तिला रोज सगळ्या गावाचं मतही मिळत असे, आणि ती ते रात्री जेवताना पोचवत असे. शेवटी मात्र ती स्वतःचं एकच मत सांगे, "गडगा ओलांडून जा आणि बोला." सर आमटी वाढून घेत.

गुरुवारी दुपारी सरांनी अर्धी रजा टाकली. एसटीतून निवृत्त झालेले बाळाजी ड्रायव्हर त्यांना म्हणाले होते, "टेपवर इश्वास ठेवू नका सर. टेप सरळ असते, गाडी सरळ नसते. गाडीचा सांगाडा करू आपन बांबूचा, आन् गल्लीतून काढून बघू. निगाला तर गाडी निगंल." सरांना हे शास्त्रीय वाटलं. घोड्याला नाल मारायच्या आधी सगळेच मोजमाप घेतात, असंही त्यांना वाटून गेलं, आणि आपण ही तुलना का केली हे त्यांना कळलं नाही.

दुपारभर अंगणात काम चाललं. दोन लांब बांबू, त्यांना आडवे बांबू, काथ्याने करकचून बांधलेले. लांबी-रुंदी उंच गाडीची, बोटभरही फरक नाही. उचलायला बाळाजींनी नाक्यावरून तिघांना आणलं, चौथे ते स्वतः. पण सांगाड्याच्या कडा लांबून नीट दिसेनात. मग बाळाजी म्हणाले, गाडी पांढरीच घेनार ना, मग वर पांढरं कायतरी पसरा. सरांनी वडिलांचं एक जुनं धोतर काढून दिलं. चाकं कुठून जातील याच्या खुणा जमिनीवर करायच्या होत्या, त्यासाठी एका छोट्या मडक्यात चुना कालवला. तो टाकत पुढे चालायचं काम सरांनी स्वतःकडे ठेवलं, कारण अचूकतेचा प्रश्न होता. उकाडा मी म्हणत होता. सरांनी शर्ट काढला आणि खांद्यावर ओला पंचा टाकला.

तर घरातून निघाले ते असे. पुढे उघड्या अंगाने, हातात मडकं घेतलेला मुलगा. मागे चौघांच्या खांद्यावर बांबू आणि त्यावर पांढरं धोतर. चौघेही गडग्यांकडे बघत हळूहळू चाललेले आणि बाळाजी मधूनमधून सगळ्यांना म्हणत, "सावकाश. धक्का नको." पाचांपैकी एकालाही काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांचं सगळं लक्ष चार बोटांवर होतं.

गल्लीच्या पलीकडे, पोफळींच्या रांगांआडून, नीराबाईंनी हे बघितलं. त्या देवळात माळ द्यायला निघाल्या होत्या. नवरात्र चालू होतं आणि घरोघर घट बसलेले. अशा दिवसांत मयताच्या घराकडे जाता येत नाही, विटाळ होतो. म्हणून त्या जवळ आल्या नाहीत. तिथूनच हात जोडले, डोळ्यांना पदर लावला आणि फोन काढला. घट बसलेल्या गावाची अडचण अशी, की प्रत्येकाने ऐकलं, प्रत्येकाला वाईट वाटलं आणि खरं-खोटं करायला एकही जण आला नाही. शाळेत मुख्याध्यापकांनी दोन मिनिटं शांतता पाळून शेवटचे तास सोडून दिले. पोस्टात एका बाईने खिडकीतून हात घालून सोनलचा हात धरला आणि म्हणाली, "सुटल्या गं." सोनलने आधी पाकीट हवंय का म्हणून विचारलं, मग अर्थ ध्यानात येताच ती उठून उभी राहिली आणि चपला न घालताच निघाली.

इकडे सांगाडा गडग्यापाशी आला आणि अडला. डाव्या अंगाने निघत होता, उजव्या अंगाने चिऱ्यावर घासत होता. बाळाजींनी तिरका करून बघितला. सर वाकून गडग्याला डोळा लावून बघत होते. चार बोटं. जगात इतकी मोकळी जागा, आणि नेमकी इथे चार बोटं नाहीत. त्यांनी आपली चार बोटं चिऱ्यावर टेकवून पुन्हा एकदा मोजली. एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. सुजित होता.

"सर, फोन उचलेनात म्हणून शाळेत केला. कळलं. फार वाईट झालं." मागे कागद चाळल्याचा आवाज आला. "मग आता बुटकीच ना, सर?"

सरांना काही कळलं नाही. त्यांनी "काय?" असं विचारलंही नाही, कारण त्याच क्षणी गडग्यावरून कोणीतरी उडी मारली.

जीवन होता. वाडीत सुपारी उतरवायला गडी लावून उभा होता, तिथे त्याच्या बायकोने येऊन सांगितलं. तो धावला तेव्हा मागून ती ओरडत होती, "अवो, घट बसलेत," आणि त्याने वळूनही पाहिलं नाही. नवरात्रात तो अनवाणीच असे. तो धपकन् उतरला तो सरांच्या समोर. सर दचकले आणि त्यांच्या हातातलं मडकं पडून फुटलं.

मडकं फुटलेलं बघून जीवनने हंबरडा फोडला. पुढे होऊन त्याने बाळाजींना बाजूला सारलं आणि बांबूखाली स्वतःचा खांदा दिला. "मला कुनी सांगितलंबी न्हाय," तो रडत म्हणाला. "शेजारी ऱ्हातो मी. आवाज दिला असता तर आलो असतो. येवढं काय केलं व्हतं मी?"

बाळाजी म्हणाले, "जीवन, अरे." उरलेले तिघे आपापल्या बांबूकडे, धोतराकडे, फुटक्या मडक्याकडे, उघड्या अंगाच्या सरांकडे बघू लागले. आपण मघापासून काय घेऊन चाललो आहोत, हे त्यांना एकेक करून दिसलं. एकाने बांबू खाली ठेवला आणि कानाला हात लावला.

सांगाडा फारच हलका लागतोय, हे जीवनच्या खांद्याला कळलं. त्याने धोतर वर केलं. खाली जमीन होती.

"काकी कुठाय?" त्याने विचारलं.

गडगा मोजला त्या दिवसानंतर सर त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले. "घरात. झोपलीय."

"झोपलीय म्हंजे?"

"दुपारची झोपलीय. मोटार बघतोय आम्ही. रुंदी."

जीवनचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. सर एक पाऊल मागे सरले. गडग्याचा एखादा चिरा आता डोक्यात बसणार याची त्यांना खातरी वाटली, आणि बसला तर तो योग्यच बसेल असंही वाटलं. पण जीवनने त्यांना हातही लावला नाही. त्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते चिऱ्यापेक्षा वाईट होतं. मग तो तसाच घराकडे चालू लागला. चिडलेल्या माणसासारखा निघाला आणि अंगणात पोचता पोचता पळायला लागला.

सर मागोमाग पोचले तेव्हा तो खाटेच्या पायाशी बसला होता. तुळशीबाईंचा दुखरा पाय चादरीबाहेर आला होता, त्यावर डोकं टेकून मोठ्या माणसाने रडू नये तसा रडत होता. तुळशीबाई जाग्या झाल्या. काही वेळ त्यांना कोण आहे ते कळेना. मग हात लांब करून त्यांनी त्याच्या केसांवर ठेवला.

"जीवन व्हय?"

तो मान हलवत राहिला. इतक्यात सोनल धापा टाकत दारात आली, सासूला जागी बघून दाराला धरून खाली बसली. बाळाजींनी आपल्या परीने सगळं सांगितलं, बांबूपासून नीराबाईंपर्यंत. तुळशीबाईंनी ऐकून घेतलं. एकदा तोंडाला पदर लावला. हसू आलं होतं की आणखी काही, ते कोणाला दिसलं नाही.

"म्हंजे मी मेल्यावरच यायचं, असं ठरवलं व्हतंस तू," त्या जीवनला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी सरांकडे बघितलं. पाय चुन्याने भरलेले, खांद्यावर पंचा. "आन् तू मोजत बस."

सरांना आयुष्यात बरेच जण बरंच काही बोलले होते. शिक्षणाधिकारी बोलले होते, पालक बोलले होते. पण हे चार शब्द त्यांना लागले, फार लागले. काहीतरी म्हणायला हवं होतं. माफी मागायला हवी होती. आईची की जीवनची, ते ठरेना, आणि दोघांची एकदम मागायची पद्धत त्यांना माहीत नव्हती.

जीवन तोंड पुसून उठला. "काकी, उद्या सकाळीच गडगा पाडतो. चार बोटं काय, हातभर मागं घेतो. तुझी गाडी थेट ओटीला लागंल. गणू, तू उंचच घे."

त्याने गणू म्हटलं. सरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. डॉक्टर, मुदत, सुजित, सगळं एका वाक्यात सुटलं होतं. त्यांच्या मनात गाडी ओटीला लागलीदेखील. आईने दार उघडलं, न वाकता बसली.

"गडग्याला हात लावशील तर बघ," तुळशीबाई म्हणाल्या.

सर म्हणाले, "अगं आई, तो आपणहून म्हणतोय."

"म्हनू दे. गडगा पाडला, गाडी दारात आली, मी ओटीवरनं उठले, गाडीत बसले, गेले." त्यांनी जीवनचा हात सोडला नव्हता. "मग ह्यो कशाला येईल हिकडं?"

सोनलने मान खाली घातली.

"उंच गाडी घ्या. रस्त्यावर ऱ्हाऊ दे," तुळशीबाईंनी सांगून टाकलं. "एका अंगाला तू, एका अंगाला ह्यो. मी चालत जाईन."

"आई, तुला चालता येतं?" सरांनी विचारलं. "मी एवढे महिने हात देत होतो, तू पायरीही उतरली नाहीस."

"एका अंगानं न्हाय येत. कलंडते मी. सोनलची कंबर आधीच मोडकी, तिच्यावर भार कसा टाकू? आन् परक्याचा हात मला नको." त्यांनी दुसरा हात पुढे केला. "आता धरा. डॉक्टर म्हनतो ना, चालवा. मग चालवा."

दोघांनी त्यांना उठवलं. ओटीवर त्या जरा थांबल्या, पायरीकडे बघितलं आणि उजवा पाय खाली टाकला. जीवनच्या कपाळावर घाम होता. सर आईच्या पावलाला पाऊल लावून उतरले. अंगणात नाक्यावरचे तिघे सांगाडा परत आणून त्याचे बांबू सोडत होते, ते हातातलं काम टाकून उभे राहिले. बाळाजी पुढे चालत एकेक खडा पायाने बाजूला करू लागले.

गल्लीत सुरुवातीला वाट रुंद होती. तिघं हातभर अंतर ठेवून चालले. जीवन आणि सर एकमेकांकडे बघत नव्हते, दोघेही आईच्या पायाकडे बघत होते. बघितलं असतं तर काय बोलायचं हा प्रश्न दोघांनाही पडला असता.

"सावकाश," जीवन म्हणाला.

"तूच ओढतोयस," सर म्हणाले.

"मी न्हाय, तू पुढं जातोयस."

"भांडा," तुळशीबाई म्हणाल्या. "चालता चालता भांडा. माझं ध्यान पायावर ऱ्हातं."

गडग्यापाशी वाट अरुंद झाली. हातभर अंतर ठेवून तीन माणसं मावेनात. बाळाजी म्हणाले, एकानं मागं व्हा. कोणीच मागे झालं नाही. जीवनने आपला खांदा गडग्याला घासत आत घेतला, सरांनी आपला. दोघांनी तुळशीबाईंना मधे घट्ट धरलं आणि त्यांच्या पाठीमागून दोघांचे हात एकमेकांना लागले. सरांनी आपला हात काढून घेतला नाही. जीवननेही नाही. मुक्कामापर्यंत अजून बरीच वाट होती, आणि तुळशीबाईंना घाई नव्हती.